घरातील एकूण माणसे (तुम्ही धरून)

"चॉपस्टिक्सचे किती जोड घालू?" त्या मुलीनं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

सेंदाई स्टेशनच्या तळघरातलं जेवणाच्या डब्यांचं दुकान, दुपारचे बारा वाजून गेलेले, मागे सहा-सात जणांची रांग. काउंटरवर माझा एकच डबा: भात, सामन माशाचा तुकडा, कोपऱ्यात मुरवलेल्या मुळ्याच्या दोन पिवळ्या चकत्या. हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी विचारला जातो आणि दर वेळी मी मान वर न करता ‘एक’ म्हणतो. प्रश्न म्हणून त्यात काही खोट नाही. मला ते कळतं, कारण माझा धंदाच तो. संशोधनासाठी लोकांना काय विचारावं, कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमानं, हे मी विद्यापीठात मुलांना शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट विचारणारा, आकड्यात उत्तर मागणारा, कुणाला न लाजवणारा असा हा प्रश्न. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण आजची मुलगी नवी होती, छातीवर ‘शिकाऊ’ अशी पाटी. तिनं विचारलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत "एकच ना" असं स्वतःशीच म्हणून एक जोड पिशवीत टाकला. झालं एवढंच. पण मागच्या माणसानं घसा खाकरेपर्यंत मी पिशवी धरून तिथेच उभा राहिलो. विचारलंस ना, मग जरा थांब ना. मनातल्या मनात मी तिच्यावर इतका खेकसलो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्या पोरीचा काय दोष? एक डबा, एक माणूस, एक जोड. मीही एकदा अगदी असंच केलं होतं, आणि माझ्या छातीवर तर पाटीही नव्हती.

दीड वाजता माझा तास आहे. एप्रिल महिना, सत्राचा पहिला तास, नवी मुलं. विद्यापीठापर्यंत चढ आहे आणि मी बस न घेता चालत निघालो, डबा हातात हलत होता, आणि ओइकावाबाईंचा आवाज कानात असा आला की जणू त्या फुटपाथवर माझ्या जोडीनं चालताहेत, एक गुडघा दुखतो म्हणून जरा कलत, बोलणं मात्र न थांबवता. "मला आजी म्हणायचं नाही." पहिल्या भेटीतलं पहिलं वाक्य ते. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, एम.ए.चा विद्यार्थी होतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये समुद्र जमिनीवर आला होता आणि किनाऱ्यावरचं त्यांचं अख्खं गाव पुसून परत गेला होता. वाचलेली माणसं वर टेकाडावर, शाळेच्या मैदानात ठोकलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. एकशे अठरा खोल्या, सहा रांगा. ‘आपत्तीनंतरचा एकटेपणा’ हा माझ्या प्रबंधाचा विषय होता आणि तो मोजायला मला तिथे धाडलं होतं. मोजायला! आज हा शब्द लिहिताना माझा हात अडतो. तेव्हा मी तो अर्जात तीनदा लिहिला होता. माझ्या आधी तिथे किती विद्यापीठं येऊन गेली होती कोण जाणे. झोपेबद्दल विचारणारे, रक्तदाबाबद्दल विचारणारे, ‘आपल्याला भविष्याबद्दल कितपत आशा वाटते’ असं विचारून एक ते पाच आकडे पुढे करणारे. दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी कुणीतरी पाटीच लावली होती, ‘सर्वेक्षणवाल्यांनी कृपया दार वाजवू नये.’ मी तिथून मान खाली घालून तिसऱ्या रांगेत गेलो आणि सातव्या खोलीचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, ताठ, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी. नमस्कार-चमत्कार नाही. "कुठलं विद्यापीठ?" मी नाव सांगितलं. "तुमचं आलं नव्हतं अजून. पेन आणलंयस?" उत्तरं देणाऱ्यांना भेट म्हणून द्यायला विद्यापीठाचं नाव छापलेली पेनं मी आणली होती. त्यांनी एक घेतलं, बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, "सव्विसावं. आता पेनांचं दुकानच टाकते. ये आत, चपला नीट काढ. आणि हे बघ, येणारा प्रत्येक पोरगा आजी-आजी करत येतो. मला आजी म्हणणारी एक आहे. तिनं म्हणायचं ते. तू ओइकावाबाई म्हण." मी ओइकावाबाई म्हणू लागलो, आणि त्या मला मास्तर म्हणू लागल्या, कारण मी काहीच नव्हतो.

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती. लोकांकडून फॉर्म भरून घेण्यात जन्म गेलेला. त्यामुळे इतर लोक आमच्या कागदांना वैतागत, त्या मात्र वाचत. प्रत्येक प्रश्नावलीची एक कोरी प्रत मागून घेत आणि संत्र्यांच्या खोक्यात ठेवत. ते खोकं त्यांनी माझ्यासमोर ओतलं. "हे वाच आधी. ह्या पोरीनं विचारलंय, ‘तुम्हाला शेजाऱ्यांचा आधार आणि सरकारची मदत पुरेशी वाटते का?’ आता शेजारी चांगले नि सरकार नालायक असेल तर मी खूण कुठे करू? आणि हा गृहस्थ, पहिल्या पानावरच विचारतो, ‘मरावंसं वाटतं का?’ अरे, चहा तरी पी आधी." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "हसतोस काय, तुझं काढ." माझी वही काढली तेव्हा माझे कान गरम झाले होते, कारण त्यातल्या अकराव्या प्रश्नात शेजारीही होते आणि सरकारही.

मला रीतसर शिकवायला मुनाकाता सर होते. त्यांच्या खोलीत लाल शाईचा वास यायचा, निदान मला तसं वाटायचं. मी कागद पुढे करायचा आणि ते टोपण न काढता, नुसत्या पेनाच्या मागच्या टोकानं एकेका शब्दावर टकटक करत मला आडनावानं हाक मारायचे. "हासेबे, ‘नेहमी’ म्हणजे किती? रोज? दोन दिवसांनी? तुमचं नेहमी आणि त्या म्हातारीचं नेहमी एकच आहे का?" टकटक. "हा प्रश्न उत्तर सुचवतोय. तुम्हाला काय ऐकायचंय ते लोकांना कळतं, आणि आपले लोक सभ्य आहेत, ते तेच सांगतील." टकटक. सर चूक नव्हते. ते फार क्वचित चूक असत, आणि हे मला अजून नडतं. महिनाभर मी सोमवारी सरांपुढे आणि शनिवारी ओइकावाबाईंपुढे तीच वही धरत होतो. सर काय नको ते सांगत आणि बाई काय हवं ते. ‘तुम्हाला एकटेपणा जाणवतो का’ हा माझा लाडका प्रश्न बाईंनी पाहिला आणि वही मिटली. "असं तोंडावर विचारलं तर कोण हो म्हणेल रे? विचार, काल किती जणांशी बोललात. विचार, दिवा बंद करताना कुणाला सांगता का. सांगतील मग आपोआप." मी लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी सर टकटक करायचे थांबले.

मग तो प्रश्न. माझ्या प्रश्नावलीत तो सगळ्यात पहिला होता, कारण सगळ्यांच्याच प्रश्नावलीत तो पहिला असतो. ‘घरातील एकूण माणसे (तुम्ही धरून).’ पुढे एक चौकोन. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा पहिला घालायला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, सोपा असतो म्हणून पहिला घालतात, लिहिणाऱ्याचा हात बसतो. "सोपा?" म्हणाल्या आणि त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं. बाहेर कुणीतरी पत्र्यावर गादी वाळत टाकत होतं, त्याचा धप्प आवाज आला. "ह्या सगळ्या खोल्यांमधून फिर आणि बघ किती जणांचं पेन इथेच अडतं ते. एकदा इथे अडलं की पुढचं सगळं माणूस उरकायचं म्हणून उरकतो. हा शेवटी घाल. तोवर जरा बोलून झालेलं असतं, हात सैल होतो." मी शेवटी घातला. सर म्हणाले, "वा. हे चांगलं सुचलं. तुमचं स्वतःचं?" आणि मी म्हणालो, "हो." किती सहज म्हणालो. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी कुठे सत्तर मैलांवरच्या म्हातारीचं नाव मधे आणायचं, असं काहीतरी मनात आलं असावं. पुढच्या सगळ्याची तालीम त्या ‘हो’मध्ये झाली होती हे कळायला मला वर्षं लागली.

त्यांचं उत्तर काय असणार हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मी ते जेवलो होतो. जेमतेम साडेचार चटया मावतील एवढी ती खोली. एका कोपऱ्यात नवऱ्याचा फोटो आणि त्याच्यापुढे भाताची वाटी. "हा गेला, चौदा वर्षं झाली, ह्याचं काही मागणं नाही." आणि खिडकीपाशी बुटक्या टेबलावर वेगळी तीन ताटं. तीन वाडगे, तिन्हींवर लाकडी झाकणं, शेजारी सूप, त्यात वाकामे ह्या समुद्री शेवाळाची हिरवी पानं. एक वाडगा लहान, त्यावर सशाचं चित्र. मुलगा तात्सुओ, सून आणि सहा वर्षांची नात कोहारु. तिघंही त्या दिवशी गाडीतून निघाले होते. गाडी सापडली, माणसं नाही. "ही तिघं बाहेर आहेत," बाई म्हणाल्या. त्या किनाऱ्यावर माणूस लांबच्या बोटीवर गेला की घरी त्याचं ताट वाढायची जुनी रीत आहे. गरम भातावर झाकण ठेवायचं, थोड्या वेळानं उचलायचं, आणि आतून पाण्याचे थेंब दिसले की समजायचं, माणूस खुशाल आहे. "तात्सुओ सहा-सहा महिने टूना मासे धरणाऱ्या बोटीवर असायचा, तेव्हाही मी असंच वाढायची. तेव्हा कुणी वेडी नाही म्हणालं. आता कचेरीतला पोरगा दर महिन्याला येतो, मृत्यूची नोंद करून टाका म्हणतो, पूर्वीसारखी कटकट नाही, आम्ही सोपं केलंय म्हणतो. ज्याला त्याला सोपं करायची घाई." मग त्यांनी झाकण उचललं आणि उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं. "बघ." थेंब होते. गरम भातावरच्या झाकणाला थेंब येणारच, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. ओघळून एक थेंब माझ्या मनगटावर पडला. मग त्या तिघांचा भात आम्ही दोघांनी वाटून खाल्ला, कारण अन्न टाकायचं नसतं; मला सशाचा वाडगा मिळाला.

नोव्हेंबरात प्रश्नावल्या वाटल्या. आमच्याकडे ही पद्धत आहे: दारात कागद ठेवून यायचं आणि आठवड्यानं बंद पाकिटात परत घ्यायचं. ओइकावाबाई माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. जिथे पाटी होती त्या रांगेतसुद्धा. "हा बरा आहे गं, भर. प्रश्न बरे आहेत ह्याचे, मी तपासलेत." एका म्हाताऱ्यानं कागदाच्या कोपऱ्यातला छोटा नंबर दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, कुणाचा आला आणि कुणाचा राहिला एवढंच कळायला, नावाशी जोडणार नाही. त्यानं माझ्याकडे नाही, बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. त्यानं पाकीट घेतलं. ती हललेली मान मला आजही दिसते, ह्या चढावर, ह्या चेरीच्या झाडांखाली, जिथे हातात मोबाइल घेऊन फुलांचे फोटो काढणाऱ्या पोरांमुळे मला फुटपाथवरून खाली उतरावं लागतं आहे.

त्यांचा फॉर्म नंबर चौतीस. कारकुनी अक्षर, एकही खाडाखोड नाही. रोज स्वयंपाक किती जणांचा? ४. आणि शेवटच्या पानावर, शेवटच्या चौकोनात, घरातील एकूण माणसे, तुम्ही धरून: ४. चौकोनाच्या अगदी मधोमध. पेन अडल्याची कसलीही खूण नव्हती.

जानेवारीत सरांच्या खोलीत आकडे मांडून बसलो. बाहेर बर्फ, आत रॉकेलच्या शेगडीचा उबट वास. चार गट केले होते, त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा गट माझ्या प्रबंधाचा कणा होता. त्यात एकोणतीस जण भरले. सरांचा नियम होता, गटात किमान तीस. "तीसच्या खाली गट नसतो, हासेबे, गप्पा असतात." ते यादीवरून बोट फिरवत खाली आले आणि चौतीसवर थांबले. "हे काय? खोली एका माणसाची. नगर कचेरीच्या नोंदीत एक. वय चौऱ्याहत्तर. आणि घरात चार? स्वयंपाक चौघांचा? विसंगत आहे. नोंदीप्रमाणे दुरुस्त करा." मी म्हणालो, "सर, त्या बाई..." सरांनी वर पाहिलं. "काय?" खरोखर विचारत होते. ते वाट पाहत होते, पेन खाली ठेवून. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. इतक्या वर्षांत मी त्यांना पुरतं ओळखलं आहे. ते खुर्चीत पुढे सरकले असते, कदाचित म्हणाले असते की ह्यावर वेगळा लेख होईल, वेगळा गट करा, तळटीप द्या. त्यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं, पण तशी सोय त्यांनी ठेवली नाही. मला फक्त तीस हवे होते. "काही नाही," मी म्हणालो, "करतो." चौकोनातला चार पुसला आणि एक लिहिला. मग वरचा, स्वयंपाकाचाही. कळ दाबली. तीस. मला आठवतं, मला बरं वाटलं. आठवडाभर मान दुखत होती, ती त्या रात्री दुखली नाही. निकाल स्वच्छ आले. प्रबंधाला विभागाचं बक्षीस मिळालं आणि बक्षिसाच्या फोटोत मी हसतो आहे.

आणि पुढचंही माझ्याच हातून झालं. एप्रिलमध्ये गावच्या समाजसेवा मंडळानं सरांना विचारलं की एकट्या वृद्धांची यादी मिळेल का. दर गुरुवारी त्यांना जेवणाचा डबा पोचवायचा आहे, त्या निमित्तानं खुशाली कळते. चांगलं काम होतं. नंबर आणि खोल्या जुळवणारा कागद माझ्याकडेच होता. "नावं नकोत, नुसत्या खोल्या द्या," सर म्हणाले, म्हणजे वचन मोडल्यासारखंही होत नाही. मी तीस खोल्यांची यादी करून दिली. तिसरी रांग, सातवी खोली, सतरावी ओळ. ती टाइप करताना माझं बोट अडलं का? मुलांना मी सांगतो की असे प्रश्न विचारायचे नाहीत, कारण माणूस स्वतःबद्दल बरं वाटेल तेच आठवतो.

मे महिन्यात अहवालाची प्रत द्यायला गेलो. सोबत चांगली मिठाई नेली होती, सेंदाईची, कोवळ्या सोयाबीनच्या हिरव्या सारणाची. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. खिडकीपाशी तीन ताटं होती. मिठाईचा पुडा त्यांनी उघडला नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "गुरुवारी डबा येतो मला."

"हो का," मी म्हणालो.

"एक. एकट्या म्हाताऱ्यांना देतात म्हणे. मी त्या पोरीला म्हटलं, बाई, तुझी खोली चुकली. तर तिनं यादी दाखवली. म्हटलं, ही यादी कुठून आली? तर म्हणाली विद्यापीठातून." चहाची वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, पीत नव्हत्या. "मग सभाखोलीत तुझा अहवाल लावलाय तो वाचला. एकटे, तीस. मी तुझ्याबरोबर दारोदार फिरलेय रे. मला इथलं दार अन् दार पाठ आहे. एकोणतीस होतात. परत मोजले, एकोणतीस. चाराचा एक तू केलास?"

मी म्हणालो, "ते... संगणक करतो, ओइकावाबाई. दोन उत्तरं जुळली नाहीत की तो आपोआप..."

हे मी म्हणालो. त्यांच्या खोलीत, त्यांच्या चटईवर, त्यांचा चहा पीत. एक चूक माणसाच्या हातून होते. पण हे वाक्य माझ्या हातून झालेलं नाही, मी ते विचार करून, शब्द निवडून बोललो, अगदी शिकवल्यासारखं.

"संगणक," त्या म्हणाल्या. "संगणक कधी जेवला नाही इथे. सशाच्या वाडग्यातून तू जेवलास."

मी अहवालाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिलो. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना दुसरंच काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा झाला, भाजी महागली म्हणून सांगावं तसा. "पहिला डबा आला ना, त्या दिवशी मी भातच लावला नाही. अन्न टाकवत नाही मला. बरा होता डबा, कोबी होता, अंडं होतं. खाल्ला. भांडी घासायला नाहीत म्हणून जरा पडले. संध्याकाळी उठले तर ही ताटं तशीच, रिकामी. चौदा महिन्यांत एकदाही चुकलं नव्हतं. लाटेनंतर पहिले काही दिवस त्या शाळेत जमिनीवर झोपायचो, भाताची एकच मूठ मिळायची, तेव्हाही मी कागदाच्या पेल्यात चार दाणे ठेवायची. आणि त्या दिवशी विसरले. पोट भरलं होतं ना." वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झाकणं उचलून पाहिली. कोरडी."

निघताना बूट घालायला वाकलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तीस कशाला हवे होते रे?" मी म्हणालो, नियम आहे. "हं," म्हणाल्या. "मला विचारायचंस. पलीकडच्या रांगेत ह्याच महिन्यात आणखी एक म्हातारी राहायला आली. खरोखरची एकटी. थांबला असतास तर भरले असते तीस." आणि दार लागलं. मी बसथांब्यापर्यंत जवळजवळ पळालो. त्यानंतर मी त्या टेकाडावर गेलो नाही. पत्र लिहायला घेतलं, चारदा. दर वेळी पहिल्या ओळीत हवापाणी लिहून थांबलो.

वर्षानं पाठपुराव्याची प्रश्नावली गेली, तीच, पोस्टानं, म्हणजे मला जावं लागलं नाही. चौतीस नंबरचं पाकीट पहिल्या गठ्ठ्यातच परत आलं. मी ते सगळ्यात शेवटी फोडलं. तेच कारकुनी अक्षर. काल किती जणांशी बोललात? १. दिवा बंद करताना कुणाला सांगता का? नाही. रोज स्वयंपाक किती जणांचा? १. घरातील एकूण माणसे, तुम्ही धरून: १. चौकोनाच्या मधोमध. मी परत परत तपासलं. एकही उत्तर दुसऱ्याशी भांडत नव्हतं; त्या एकशे अठरांत इतका विसंगतीमुक्त फॉर्म दुसरा नव्हता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नगर कचेरीच्या नव्या यादीत मृत्यूच्या नोंदींमध्ये तीन नावं ओळीनं होती, तारीख डबे सुरू झाल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. शेवटी ‘काही सांगायचे असल्यास’ म्हणून पाच ओळी मोकळ्या सोडलेल्या असतात, ज्यांत कुणी कधी काही लिहीत नाही. तिथे त्यांनी लिहिलं होतं: ‘प्रश्नावली चांगली झाली आहे. कुठेही अडले नाही.’

ते वाक्य मी गेली नऊ वर्षं सत्राच्या पहिल्या तासाला मुलांना दाखवतो. पहिल्या वर्षी मी स्वतःला सांगितलं होतं की ही शिक्षा आहे, दर वर्षी सगळ्यांसमोर ते वाचायचं. दुसऱ्या वर्षी मुलांना ते आवडलं. तिसऱ्या वर्षापासून तो फक्त माझ्या तासाचा एक भाग आहे, साधारण विसाव्या मिनिटाला येणारा. मुनाकाता सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणातही मी ते सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.

वर्गात पोचलो तेव्हा अजून दहा मिनिटं होती. डबा टेबलाखाली ठेवला, खायची इच्छा गेली होती. चाळीसएक मुलं, नवे कपडे, नव्या वह्या. मी बोलत गेलो: एका प्रश्नात एकच गोष्ट, शब्द सगळ्यांना एकच कळणारे, नाजूक प्रश्न शेवटी. मग पडद्यावर ते पान आणलं, कोपऱ्यातला नंबर झाकलेला, आणि मोठ्यानं वाचलं. "प्रश्नावली चांगली झाली आहे. कुठेही अडले नाही. उत्तर देणाऱ्याकडून असं येणं," मी म्हणालो, जसं दर वर्षी म्हणतो, "ह्याहून मोठी पावती नाही." मुलं लिहून घेऊ लागली. तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, बाजूला माहिती दिलीये ना त्यांची. स्त्री, वय पंचाहत्तर. पण तिसरा रकाना मोकळा आहे, घरातील माणसे. राहून गेला का?"

राहून गेला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ते पान तयार करताना मीच तो भरला नव्हता, ना चार ना एक; तेवढंच काय ते माझ्याच्यानं झालं होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती मुलगी पेन उघडून बसली होती, आणि खरोखर वाट पाहत होती. खिडकी उघडी होती, टेबलाखालून मुळ्याचा आंबूस वास येत होता, आणि डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला आतून वाफ धरली असेल का असा एक वेडगळ विचार माझ्या मनात येऊन गेला. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एक," मी मान वर न करता म्हणालो.

तिनं लिहून घेतलं.